आखूड दांडा, जड हात

मॅन्युअल गाडीच्या शौकिनांमध्ये एक समजूत घट्ट बसलेली आहे: गिअर टाकताना हात जितका कमी हलेल तितकी गाडी चपळ. या समजुतीवर शॉर्ट शिफ्टर नावाचा सुटा भाग जगभर खपतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ‘थ्रो ४० टक्के कमी’. थ्रो म्हणजे एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना नॉब कापतो ते अंतर. हा आकडा सहसा खोटा नसतो. फक्त तो निम्मा हिशेब असतो, आणि दुसरा निम्मा खोक्यावर कुणी छापत नाही.

गिअरचा दांडा ही शाळेत शिकलेली तरफ आहे. मध्ये कुठेतरी एक गोळा असतो, तो टेकू. टेकूच्या वर नॉबपर्यंतचा भाग लांब, खाली गिअरबॉक्समध्ये उतरणारा भाग आखूड. सोयीसाठी वरचा भाग २०० मिलिमीटर आणि खालचा ४० धरू. प्रमाण पाचास एक. गिअर पडायला खालचं टोक न्यूट्रलपासून १० मिलिमीटर सरकावं लागत असेल, तर वर हात ५० मिलिमीटर सरकतो. आणि आत १० किलोचा जोर हवा असेल, तर हाताला दोनच किलो लावावे लागतात. पाचपट चालायचं, पाचव्या हिश्शाने ढकलायचं.

आता हे प्रमाण तिनास एक करा. हात ५० ऐवजी ३० मिलिमीटर सरकेल, म्हणजे खोक्यावरचे ४० टक्के बरोबर जमले. पण १० किलोसाठी आता तीन किलो आणि वर ३३० ग्रॅम लावावे लागतील. जोर ६७ टक्क्यांनी वाढला. हाच तो न छापलेला आकडा. हापशाचा दांडा मोडून आखूड झाला की पाणी तेवढंच येतं आणि खांदे भरून येतात, तसंच हे.

बाजारात मिळणारे सगळे प्रकार या एकाच प्रमाणाशी खेळतात. कुणी खालचा भाग लांब करतो. कुणी टेकू वर उचलतो, त्यात खालचा भाग वाढतो आणि वरचा घटतो, म्हणजे एका दगडात दोन्ही. कुणी वरचा भाग नुसता कापतो किंवा बुटका नॉब बसवतो. यांतला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त, आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. तरफेला किंमत कळत नाही, लांबी कळते.

जोर जास्त लागला तर लागू दे, वेळ तर वाचला, असं कुणी म्हणेल. इथे गिअरबॉक्सच्या आत डोकवावं लागतं, कारण गिअर हात टाकतो हे पूर्ण खरं नाही. हात फक्त विनंती करतो. गिअर घ्यायचा की नाही हे ठरवणारा भाग वेगळा आहे, त्याचं नाव सिंक्रो. १९२८ साली कॅडिलॅकने तो पहिल्यांदा आपल्या गाड्यांत बसवला. त्याआधी ड्रायव्हरला क्लच दोनदा दाबून, कानाने वेग जुळवून गिअर टाकावा लागे, आणि चुकलं तर सगळ्या रस्त्याला करकर ऐकू जाई.

माझदा एमएक्स-५ ही छोटी दोन सीटची उघडी गाडी घेऊ. १९८९ मध्ये ती शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगासमोर आली आणि तिच्या गिअरच्या दांड्याची तारीफ आजही होते. तिच्या जुन्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याचं गुणोत्तर ३.१३६ आहे, दुसऱ्याचं १.८८८. पहिल्यात इंजिन ६,००० फेऱ्यांवर असताना तुम्ही क्लच दाबून दुसरा घेता. गाडीचा वेग तोच, पण दुसऱ्या गिअरसाठी आतला शाफ्ट ३,६०० फेऱ्यांच्या आसपास फिरायला हवा. म्हणजे क्लचची प्लेट, तिला जोडलेला शाफ्ट आणि त्यांच्यासोबत फिरणारी दातेरी चाकं, या सगळ्यांचा वेग क्षणात २,४०० फेऱ्यांनी उतरवायचा. क्लच दाबलेला असल्याने इंजिन यात नाही; पण बाकीचं ओझंही काही कमी नाही.

हे काम सिंक्रोमधली पितळेची एक रिंग करते. तुम्ही दांडा ढकलता तेव्हा त्याच्यासोबत सरकणारी स्लीव्ह त्या रिंगला गिअरच्या शंकूवर दाबते. घर्षणाने वेग उतरू लागतो. तोवर रिंगचे दात स्लीव्हच्या दातांसमोर अर्धा दात सरकून उभे राहतात, वाट देत नाहीत. वेग जुळला की आडवं लावणारं बळ संपतं, रिंग किंचित वळते, आणि स्लीव्ह आत जाऊन बसते. दांड्यावर हाताला जी क्षणभराची अडवणूक जाणवते आणि मग जो मऊ ‘खट्’ येतो, तो हाच प्रकार.

या रिंगला किती वेळ लागेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: वेगांत फरक किती, आणि रिंग शंकूवर किती जोराने दाबली जाते. नॉब किती सरकला हे रिंगला ठाऊकच नसतं. म्हणून शॉर्ट शिफ्टर बसवून हाताने पूर्वीइतकाच जोर लावला, तर रिंगवर जोर कमी पोचतो आणि वेग जुळायला जास्त वेळ लागतो. पूर्वीइतक्याच वेळात काम हवं असेल तर हाताने ६७ टक्के जास्त ढकलायचं. कमी ढकलून लवकर गिअर, असा तिसरा पर्याय यात नाही.

मग वाचलं काय? फक्त मोकळी वाट. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एकूण १०० मिलिमीटरऐवजी ६०. हात सेकंदाला मीटरभर सरकतो असं धरलं, तर ४० मिलिमीटरचे सेकंदाचे चार शतांश वाचले. तेवढ्या वेळात क्लचवरचा पायही धड वर येत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर यालाही किंमत असेल, घाटात नाही.

असं असूनही लोक हा भाग बसवतात आणि खूश होतात. मला त्यात फसवणूक दिसत नाही. दांडा घट्ट, नेमका, आखूड लागतो. हाताला सुख मिळतं, आणि सुखासाठी पैसे मोजणं हा गुन्हा नाही. फक्त आपण वेग विकत घेतला नसून स्पर्श विकत घेतला आहे, हे माहीत असलेलं बरं. आणि स्पर्शच घ्यायचा असेल तर तो बिघडतो कशाने, हे आधी पाहायला हवं.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटकन उमगेल. तिथे हाताची हालचाल दांड्यांच्या आणि सांध्यांच्या माळेतून गिअरबॉक्सपर्यंत पोचायची. प्रत्येक सांधा थोडा झिजलेला. जुन्या टॅक्सीत दुसरा गिअर नेमका कुठे आहे हे चालकाला ठाऊक असे, गाडीला असेलच असं नाही. याउलट एमएक्स-५ चा दांडा गिअरबॉक्सच्या माथ्यातून सरळ वर येतो. मध्ये माळ नाही. तिच्या दांड्याची कीर्ती आखूडपणाइतकीच या सरळपणाची आहे.

इथेही तीच तरफ, पण उलट्या बाजूने. सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई आली की पाचास एक प्रमाणाने नॉबवर अडीच मिलिमीटर होते. असे तीन सांधे ढिले असले तर नॉब साडेसात मिलिमीटर काहीही न करता हलतो. म्हणजे थ्रोमध्ये दोन रकमा मिसळलेल्या असतात, कामाचं अंतर आणि फुकटचं अंतर. शॉर्ट शिफ्टर दोन्ही छाटतो आणि दोन्हीची किंमत जोराने वसूल करतो. सांध्यात बसणारा बुश नवा घातला तर तो फक्त फुकटचं अंतर काढतो, आणि हाताला एक ग्रॅम जास्त लावायला सांगत नाही. म्हणून माझा आग्रह असा की जुन्या गाडीत आधी बुश बदलावेत, महिनाभर चालवावी, आणि मग शॉर्ट शिफ्टरच्या किटचा विचार करावा. बऱ्याच जणांचा विचार तिथेच मावळेल. दुकानदाराला हे आवडणार नाही.

बुश बदलतानाही हाव नको. मूळ बुश रबर किंवा नायलॉनचे असतात, कारण त्यांना गिअरबॉक्सची थरथर गिळायची असते. पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा बुश ढिलाई पार संपवतो, पण मग गिअरची घरघर आणि इंजिनाची थरथर थेट तळहातात उतरते. रोजच्या गाडीला पॉलियुरेथेनपर्यंत जावं, पुढे नाही.

एमएक्स-५ मध्ये किट बसवणं अवघड नाही, चिकट आहे. गाडी गार असावी, कारण दांड्याच्या खालीच गिअरबॉक्स आहे आणि शेजारून एक्झॉस्ट जातो. हँडब्रेक लावून न्यूट्रल. नॉब फिरवून काढायचा, कन्सोल उचलायचा, वरचा रबरी बूट सोडायचा. त्याखाली दुसरा बूट असतो आणि त्याखाली दांड्याचा गोळा. दुसरा बूट उघडण्याआधी भोवतालची माती, वाळू, जुनं ग्रीस फडक्याने निपटून घ्यावं. इथून पुढे जे पडेल ते गिअरबॉक्सच्या तोंडात पडेल. जुन्या गाड्यांत हा खालचा बूट बहुधा फाटलेला सापडतो. दांड्याजवळून गरम हवा आणि आवाज आत येत असेल तर कारण तेच. तो इथेच बदलावा. दांड्याच्या खालच्या टोकाला नायलॉनची छोटी टोपी असते, तीही. दांडा ज्या कप्प्यात उतरतो तिथे थोडं तेल असावं लागतं. ते आटलेलं असलं तर नवा किटही जुन्यासारखाच खडबडीत लागतो.

जुना दांडा बाहेर आला की तो नव्याशेजारी ठेवून पट्टीने मोजावा: गोळ्याच्या मध्यापासून नॉबपर्यंत किती, खालच्या टोकापर्यंत किती. भागाकार करायला मिनिट लागतं, आणि खोक्यावरचे ४० टक्के खरे की दुकानदाराचे, हे कळतं. त्याच भागाकारातून हाताला किती जास्त ढकलावं लागेल तेही कळतं. किटमध्ये लांबी जुळवता येत असेल तर सर्वांत सौम्य मापावर सुरुवात करावी.

कन्सोल परत लावण्याआधी, इंजिन बंद ठेवून, प्रत्येक गिअर आणि रिव्हर्स पूर्ण आत जातो का ते पाहावं. दांडा कुठे पत्र्याला टेकून थांबत असेल तर स्लीव्ह अर्धवट बसेल आणि पुढे कधीतरी वेगात गिअर सटकेल. नवा रबरी बूट ताठ असला तर तोही दांड्याला मागे खेचू शकतो.

इंजिन पुढची चाकं फिरवतं त्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये, दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बहुधा दोन केबल असतात. एक पुढे-मागे, एक डावी-उजवी. तिथे तरफा दोन जागी सापडतात, दांड्याजवळ आणि गिअरबॉक्सवर, आणि काही किट गिअरबॉक्सवरची तरफच बदलतात. हिशेब तोच. केबल नीट जुळवून लावली नाही तर मात्र चांगला किटही वाईट ठरतो.

डाव्या-उजव्या हालचालीकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि खरा धोका तिथेच आहे. खालचा भाग लांब झाला की दांडा आडवाही कमी हलतो. गिअरच्या खाचा हाताला जवळजवळ येतात. चौथ्यातून पाचवा घ्यायचा आणि घाईत तिसरा पडला, तर एमएक्स-५ मध्ये ६,५०० फेऱ्यांवरचं इंजिन ८,६०० च्या पुढे ओढलं जातं, कारण तिसऱ्याचं गुणोत्तर १.३३ आणि चौथ्याचं १. लाल रेघ सात हजारांच्या आसपास. सिंक्रो बिचारा आज्ञाधारक, तो हा वेगही मुकाट जुळवून देतो. क्लच सोडताच इंजिनाचं मोठं नुकसान व्हायची वेळ येते. रेव्ह लिमिटर इथे निरुपयोगी, तो पेट्रोल तोडतो, आणि इंजिनाला फिरवत असतात चाकं. म्हणून किट घेताना पुढे-मागे किती टक्के हे विचारून झालं की आडवं किती, आणि दांड्याला मधल्या खाचेत परत आणणारी मूळ स्प्रिंग तशीच राहते का, हेही विचारावं. दुकानात याचं उत्तर मिळालं नाही तर तो किट तिथेच ठेवावा.