दावणीतली बचत

कुटुंबे आयुष्यभरात खर्च आणि बचत कशी ठरवतात, याचा अंदाज बांधण्याची आधुनिक परंपरा फ्रँको मोदिल्यानी आणि रिचर्ड ब्रमबर्ग यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या जीवनचक्र सिद्धांतापासून सुरू होते. माणूस एका वर्षाच्या कमाईकडे नव्हे, तर उभ्या आयुष्याच्या मिळकतीकडे पाहून खर्च बेततो, कमावत्या वयात शिल्लक टाकतो आणि उतारवयात ती खर्चतो, हे त्या सिद्धांताचे सार होय. प्रत्यक्ष आकडेवारीत मात्र तरुण कुटुंबांचा खर्च मिळकतीच्या मागोमाग वाढताना दिसतो, आणि तो अधीरतेमुळे वाढतो की उद्याच्या धास्तीमुळे आज हात आखडलेला असतो, हे नुसत्या खर्चाकडे पाहून कळत नाही. पिएर-ऑलिव्हिए गुरिंशा आणि जोनाथन पार्कर यांनी २००२ मध्ये अमेरिकी कुटुंबांच्या बाबतीत हा गुंता सोडवताना संगणकावर काल्पनिक कुटुंबांची आयुष्ये चालवली आणि त्यांचा वयानुसार खर्च खऱ्या कुटुंबांशी जुळेपर्यंत अधीरतेची व जोखीमभयाची मापे बदलून पाहिली. चाळिशीपर्यंत कुटुंबे अडीअडचणीपुरती गंगाजळी राखतात आणि खरी निवृत्तीची बचत त्यानंतरच सुरू होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या पद्धतीत बचत म्हणजे हवी तेव्हा काढता येणारी रक्कम, असे गृहीत धरलेले असते. कोरडवाहू शेतीत हे गृहीतक टिकत नाही. पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर, अकोला जिल्ह्यातील कान्झारा आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील औरेपल्ली यांसारख्या गावांत त्याच त्या कुटुंबांची मिळकत, खर्च आणि मालमत्ता वर्षानुवर्षे नोंदवली. याच नोंदींवरून मार्क रोझेन्झ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये दाखवले, की पाऊस हुकलेल्या वर्षी शेतकरी बैल विकून घरखर्च भागवतो. म्हणजे जे औताचे साधन, तीच त्याची बचत ठरते.

या दुहेरी उपयोगाची किंमत मोठी असते. एक बैल विकला की उरलेला एकटा औत ओढू शकत नाही, शेजाऱ्याशी सावड करावी लागते, आणि सावडीत ज्याची पाळी नंतर येते त्याचा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जाण्याचा धोका असतो. काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलीवरच उभी राहत असल्याने चार दिवसांचा उशीरही उताऱ्यात दिसतो. शिवाय दुष्काळात सगळेच विकायला निघाल्याने बैलाचा भाव पडतो, आणि पुढच्या वर्षी तोच बैल परत घ्यायचा तर चढ्या भावाने घ्यावा लागतो.

रॉबर्ट टाउनसेंड यांच्या १९९४ च्या प्रसिद्ध अभ्यासाकडेही या प्रकाशात पाहायला हवे. कुटुंबाचा खर्च स्वतःच्या मिळकतीपेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर अधिक हलतो, म्हणजे गाव एकमेकांची जोखीम बऱ्याच अंशी वाटून घेते, असे त्यांना याच गावांत आढळले. मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधरी यांनी १९९७ मध्ये त्यातील खर्चाच्या मोजमापावर आक्षेप घेतला आणि तो महत्त्वाचा आहे. पण मोजमाप बिनचूक मानले तरी मूळ प्रश्न उरतोच. दोन कुटुंबांच्या ताटातली भाकरी सारखी असेल आणि त्यांपैकी एकाने ती बैल विकून मिळवली असेल, तर खर्चाच्या आकड्यात दोघे समान दिसतील, वास्तविक त्यातल्या एकाने पुढच्या हंगामाचे उत्पन्न आजच खाल्लेले असते. स्थिर खर्चाला सुरक्षितता समजणारा अंदाज अशा कुटुंबावर अन्याय करतो, आणि त्याला पुरेशी बचत न करणारे म्हणणे तर अधिकच चुकीचे आहे, कारण त्याच्यापाशी नसते ती कर्जाची सोय, दूरदृष्टी नव्हे.

रोझेन्झ्वाइग आणि वोल्पिन यांच्या अंदाजानुसार पावसाच्या विम्यापेक्षा खात्रीच्या मिळकतीचा परिणाम अधिक होतो. तशी मिळकत असेल तर शेतकरी गरजेइतके बैल राखू शकतो. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास रोजगार हमी योजना हाती घेऊन १९७७ मध्ये तिचा कायदा केला, त्यात अशा मिळकतीचे बीज होते. तिचे मूल्यमापन करताना हाती पडलेली मजुरी तेवढी धरली, तर त्या मजुरीमुळे बाजारात न गेलेला बैल आणि वेळेवर साधलेली पेरणी हिशेबाबाहेरच राहतात.