काटकसर कुणाच्या पदरची?

काटकसर हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या वडिलांनी तर तो इतका अंगी बाणवला होता की लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ते घरखर्चाचा हिशोब लिहीत. त्यांची 1967 सालची फियाट वारशाने माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर हा गुणही आला. परंतु हा गुण नेमका कुठे संपतो आणि अवगुण कुठे सुरू होतो, हे मला शिकविले ते त्या गाडीच्या पंख्याने.

गाडी तशी गुणी. पण लातूरहून नांदेडला जाताना बालाघाटाच्या चढावर, किंवा अहमदपूरच्या बाजाराच्या गर्दीत ती अडकली, की काटा वर सरके आणि रेडिएटर उकळू लागे. मग झाडाखाली थांबायचे, गाडी निवू द्यायची आणि पाणी घालायचे. ज्या लातूरला 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेचे ते पाच लाख लिटर पाहून ज्या गावाचे डोळे भरून आले, त्या गावच्या माणसाला उकळून रस्त्यावर सांडणारे पाणी बघवत नाही.

दोष समजायला सोपा होता. रेडिएटर चौकोनी, पंखा वाटोळा. चौरसात मावेल तेवढे मोठे वर्तुळ काढले तरी चार कोपऱ्यांत मिळून सुमारे 21 टक्के जागा उरतेच. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा आपण होऊन जाळीत शिरतो. ती थांबली की सारी भिस्त पंख्यावर. पंख्याभोवती आडोसा नसला तर मागची गरम हवा पात्यांच्या टोकांवरून पुन्हा पुढे येते, आणि पंखा तीच तीच हवा फिरवीत बसतो. उपाय म्हणजे पत्र्याचे आवरण: एका बाजूला रेडिएटरच्या कडांना घट्ट बसणारे चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला वाटोळे भोक, आणि त्या भोकात पंख्याची पाती निम्मी आत, निम्मी बाहेर. माझ्या गाडीला असे काहीच नव्हते.

लोह्यात रस्त्याकडेला एक वृद्ध पत्रेकारागीर बसतात. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, चाळण्या हा त्यांचा धंदा. सारे त्यांना चाचा म्हणतात. मी गोडेतेलाचे दोन रिकामे डबे घेऊन गेलो. म्हटले, यातूनच करा, म्हणजे खर्च नको. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, जाळीपुढे कागदाचा कपटा धरला. मधोमध तो चिकटून राहिला, कोपऱ्यात गळून पडला.

“पंखा हवा वढंना झालाय, साहेब. नुसता घुसळायलाय,” ते म्हणाले. मग डबा बोटांनी दाबून पाहिला. “ह्यो लई पातळ हाय. थरथरंल, अन् पात्यात जाईल.”

कोठीच्या पत्र्याचा एक तुकडा त्यांनी काढला. आधी वर्तमानपत्राचे माप कापले. पंखा रेडिएटरच्या अगदी मध्यावर नव्हता, थोडा खाली होता. म्हणून माप फाडून दुसरे केले. कडा दुमडल्या, कोपऱ्यांना रिबिटे मारली. पात्यांपासून बोटभर अंतर ठेवले. कारण इंजिन रबरावर बसलेले, ते हलणार, आणि रेडिएटर जागचा हलणार नाही. अंतर कमी झाले तर पाते घासेल, जास्त झाले तर हवा निसटेल. हे सारे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. दिवस मावळतीला आला. त्यांनी सहाशे रुपये मागितले. मी म्हणालो, “पत्रा तर कापून उरलेला तुकडाच की!” आणि चारशे दिले. “बरं,” एवढेच ते म्हणाले.

नांदेडला पोचेपर्यंत काटा हलला नाही. मेहुण्याकडे मी मोठ्या अभिमानाने सांगितले, चारशे रुपयांत काम! तो हसून म्हणाला, “दाजी, चारशे पत्र्याचे का माणसाचे?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मनाची वकिली सुरू झाली. चाचा स्वतःच कबूल झाले होते, मी जबरदस्ती केली नव्हती. पण दिवस मावळल्यावर, काम पुरे झाल्यावर, माझ्याच गाडीच्या मापाची ती वस्तू ते दुसऱ्या कुणाला विकणार होते? माझी घासाघीस सुरू झाली ती त्यांना “नाही” म्हणणे परवडेनासे झाल्यावर. अशा वेळच्या होकाराला संमती म्हणावे काय?

अमेरिकेत विमानाच्या इंजिनाभोवती पत्र्याचे आवरण कसे बसवावे म्हणजे वाऱ्याचा विरोध घटेल आणि इंजिनही थंड राहील, याचा शोध लावणाऱ्या सरकारी संशोधनसंस्थेला 1929 सालची कॉलियर ट्रॉफी मिळाली. तिथेही पत्रा तो पत्राच. मान मिळाला तो हवेला वाट दाखविणाऱ्या अकलेला. मी मात्र लोह्यात अक्कल फुकट धरली आणि पत्र्याचा भाव केला.

माझे वडील पत्रिकेची पाठ वापरीत, तेव्हा वाचत असे तो कागद, आणि गैरसोय सोसावी लागे ती त्यांची त्यांना. मी वाचविलेले दोनशे रुपये कशातून आले? पत्रा तेवढाच लागला, रिबिटे तेवढीच लागली. एका म्हाताऱ्याच्या दिवसातला तिसरा हिस्सा मी कापून घेतला होता. वस्तूत, वेळेत, स्वतःच्या सुखात केलेली बचत ही काटकसर. दुसऱ्याच्या ताटातली बचत ही निराळी गोष्ट. आपण दोन्हींना एकच नाव देतो, म्हणून ती आपल्याला टोचत नाही.

परतताना लोह्याला थांबलो. पाचशेची नोट पुढे केली. चाचांनी ती घेतली, आणि गल्ल्यातून तीनशे काढून माझ्या हातावर ठेवले. मी म्हणालो, “राहू द्या, चाचा.” ते म्हणाले, “सहाशे सांगितले व्हते. तेवढेच.” मी ओशाळलो. वरच्या तीनशेत मी माझ्या झोपेची किंमत धरली होती. ती त्यांनी का म्हणून घ्यावी? आधी मी भाव पाडला होता, आता दाता होऊ पाहत होतो. दोन्ही खेपांना त्यांनी सांगितलेला आकडा मला पुरेसा वाटला नव्हता.

मग त्यांनीच बॉनेट उघडायला लावले. आवरणाच्या खालच्या कडेवरून बोट फिरविले आणि विचारले, “हितं रबर लावा म्हनलं व्हतं. लावलं का?”

मी लावले नव्हते. जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून ते कामाला लागले. या वेळी मी आधीच विचारले, “याचे किती होतील?”