ओळख नसलेल्यांची दारं

रात्री अकराच्या सुमाराला पोलीस येतात आणि घरातल्या मुलाला ‘जरा चौकशी करायची आहे’ म्हणून घेऊन जातात. पुढचा अर्धा तास आपल्याकडच्या बहुतेक घरांत सारखाच जातो. कुणा नगरसेवकाला आपण ओळखतो का, मेहुण्याच्या ऑफिसातल्या कुणाचा भाऊ खात्यात आहे का, आमदारांच्या पीएचा नंबर कोण देईल. ओळख निघाली तर मुलगा पहाटे घरी येतो. नाही निघाली तर आई ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून राहते. अटकेतल्या माणसाचे हक्क सांगणारं राज्यघटनेचं २२वं कलम त्या वेळी कुणालाच आठवत नाही, आणि त्याबद्दल त्या घराला दोष देता येत नाही. कलम कितीही चांगलं असलं तरी ते ठाण्यापर्यंत घेऊन जाणारं माणूस लागतं.

ज्याची कुणाशीच ओळख नाही त्याला असं माणूस कुठे मिळतं, हा मला नागरी स्वातंत्र्याचा पहिला प्रश्न वाटतो. व्याख्यानं आणि परिसंवाद त्यानंतर. अशी दारं आपल्याकडे आहेत. काही सरकारने उघडलेली, काही नागरिकांनी. सरकारी दाराला इमारत आहे, पगार आहे. नागरिकांच्या दारामागे बहुधा दोन-चार चिवट माणसं आणि फायलींचं एक कपाट असतं. तरीही सरकारी दारं आज जेवढी उघडतात तेवढी उघडण्यामागे या चिवट माणसांचा मोठा वाटा आहे.

सगळ्यात जवळचं दार आणि सगळ्यात दुर्लक्षित दार एकच आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५पासून लागू झाला. त्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेला कुणीही यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा देशभरचा हेल्पलाइन क्रमांक. आता अनेक जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी लोक अभिरक्षक कार्यालयंही आहेत. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पहिल्या रिमांडला हजर असलेला साधा वकील हा तिसऱ्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या नामवंत वकिलापेक्षा उपयोगी असतो, कारण पोलीस कोठडी द्यायची की नाही हे पहिल्यांदा ठरतं ते त्या दहा मिनिटांत.

अटकेच्या कागदाकडे जरा जवळून पाहू. त्यात अटकेची तारीख आणि वेळ लिहायची असते. घरच्या कुणाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, खाली अटक झालेल्याचीही सही लागते. यातला वेळेचा रकाना महत्त्वाचा. माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हा हिशेब तिथून सुरू होतो. मुलाला रात्री अकराला नेलं आणि कागदावर सकाळी नऊची वेळ पडली, तर मधले दहा तास तो कायद्याच्या लेखी कुठेच नव्हता. मारहाण, दमदाटी, कोऱ्या कागदावरच्या सह्या हे सगळं बहुधा अशाच नोंद नसलेल्या तासांत होतं. म्हणून घरच्यांनी पहिलं काम करायचं ते हे: किती वाजता नेलं, कोण आले होते, छातीवर नावाच्या पट्ट्या होत्या का, गाडीचा नंबर काय, हे लगेच लिहून ठेवायचं आणि एखाद्या नातेवाइकाला मेसेज करून टाकायचं. त्या मेसेजवर वेळ आपोआप पडते.

या कागदाला आज जे वजन आहे ते एका पत्रामुळे. पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून २६ ऑगस्ट १९८६ रोजी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल केलं आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेविषयीचे अकरा निर्देश दिले. मधे दहा वर्षं गेली. त्याआधी मुंबईत पत्रकार शीला बर्से यांनी तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून त्यांचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयापुढे नेलं होतं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. १९८३च्या त्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि तिथे महिला पोलीस हा दंडक घालून दिला. आज तो आपल्याला आपसूक आलेला वाटतो.

संस्थांचा इतिहास मात्र मला अस्वस्थ करतो. १९३६ साली राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याच्या लढ्यावर एक पुस्तिका लिहिली, तिला नेहरूंनी प्रस्तावना दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन झाली. रवींद्रनाथ टागोर अध्यक्ष, सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष. पुढच्याच वर्षी प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि संस्था हळूहळू विझत गेली. आपलीच माणसं खुर्चीवर बसल्यावर कुणाविरुद्ध लढायचं, असं लोकांना वाटलं असणार. लोहियांना तसं वाटलं नाही. १९४६च्या जूनमध्ये ते विश्रांतीसाठी गोव्यातल्या असोळण्याला मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे गेले. पाहतात तो पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत सभा घ्यायला बंदी, छापील मजकुराला सेन्सॉर, लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नव्हती. १८ जूनला मडगावात त्यांनी मनाई मोडून सभा घेतली. गोव्याच्या मुक्तीचा लढा पेटला तो अशा नागरी हक्कांच्या मागणीतून. आणि स्वातंत्र्यानंतर १९५४ साली पाटबंधाऱ्याची वाढीव पट्टी भरू नका, असं शेतकऱ्यांना सांगितल्याबद्दल याच लोहियांना उत्तर प्रदेशातल्या काँग्रेस सरकारने अटक केली. त्या अटकेमागचं कलम १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं.

तेच चक्र पुन्हा फिरलं. आणीबाणीत मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली एक लाख दहा हजारांहून अधिक माणसं आत गेली, असं शहा आयोगाने नोंदवलं आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. एच. आर. खन्ना यांचा एकट्याचा विरोध वगळता, या माणसांना कोर्टाचं दारच बंद केलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जयप्रकाश नारायण यांनी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना उभी केली. कार्याध्यक्ष झाले मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे. १९७७मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. संघटनेतले बरेच जण नव्या राज्यकर्त्यांचे मित्र होते. संघटना जवळजवळ झोपली आणि १९८० साली इंदिरा गांधी परत आल्यावर ती पीयूसीएल म्हणून नव्याने उभी करावी लागली. दिल्लीचा गट पीयूडीआर या नावाने वेगळा झाला.

म्हणून एखादी संस्था आपली म्हणावी का, हे पारखताना मी तिची उद्दिष्टं वाचत नाही. तिने कुणाच्या राज्यात कुणाविरुद्ध अहवाल काढला, ते पाहतो. १९८४च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत शिखांचं हत्याकांड झालं. त्याच महिन्यात पीयूडीआर आणि पीयूसीएल यांनी वस्त्यांत फिरून अहवाल काढला आणि त्यात सत्ताधारी पक्षाच्या पुढाऱ्यांची नावं छापली. याहून अवघड कसोटी असते ती आपल्या बाजूच्या हिंसेची. वरंगळला गणित शिकवणारे आणि पुढे वकील झालेले के. बालगोपाल आंध्र प्रदेश सिव्हिल लिबर्टीज कमिटीत वर्षानुवर्षं बनावट चकमकींविरुद्ध लढले. नक्षलवाद्यांच्या हत्यांबद्दलही तितकंच स्पष्ट बोललं पाहिजे असं त्यांना वाटू लागलं तेव्हा मतभेद झाले, आणि १९९८मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ह्यूमन राइट्स फोरम काढला. जुन्या सोबत्यांचा रोष पत्करून हे करणं सोपं नव्हतं. माझ्या मते या क्षेत्रातला तो सगळ्यात मोलाचा धडा आहे.

महाराष्ट्र या संस्थांचं देणं लागतो, हे आपण फारसं बोलून दाखवत नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मारली गेली. वर्तमानपत्रं तेव्हा ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ना नायक करत होती, सिनेमे निघत होते. पीयूसीएल कोर्टात गेली. निकाल लागला २३ सप्टेंबर २०१४ला: प्रत्येक चकमकीची एफआयआर, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे, दंडाधिकारी चौकशी, आणि चकमकीनंतर लगेच बढती-बक्षीस नाही. मारले गेलेल्यांत गुन्हेगार नव्हते असं कुणीच म्हणत नव्हतं. मुद्दा एवढाच होता की ते कोर्टाने ठरवायचं, पिस्तुलाने नाही.

आणि पालघर. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने त्या अटकेत लावलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाला आव्हान दिलं, पीयूसीएलही त्यात होती, आणि २४ मार्च २०१५ला कलम रद्द झालं. इथे आपण टाळ्या वाजवून थांबतो. पण ठाण्याठाण्यांत त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्थांनी कोर्टांच्या नोंदी चाळून असे खटले मोजले, पीयूसीएल पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. कलम रद्द करून घेणारे लक्षात राहतात. रद्द झालेलं कलम वापरात आहे का, हे तपासत बसणाऱ्यांचं काम त्याहून कंटाळवाणं आणि तितकंच गरजेचं आहे.

या संस्थांकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पीयूसीएल देशी-विदेशी निधी संस्थांचे पैसे घेत नाही, वर्गणीवर चालते. त्यामुळे पूर्ण वेळचे कार्यकर्ते कमी. फोन केल्याबरोबर गाडी घेऊन कुणी येईल असं नाही. तुरुंगातल्यांसाठी टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९०पासून काम करतो, पण तोही निवडक ठिकाणी. राज्य मानवी हक्क आयोगाला समन्स काढता येतं, शिफारस करता येते, हुकूम देता येत नाही. आणि घटनेला वर्ष उलटलं की तो तक्रार घेत नाही. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, तेही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. म्हणून अर्ज एकाच ठिकाणी देऊन वाट पाहत बसू नये. पोलीस अधीक्षक, दंडाधिकारी, विधी सेवा प्राधिकरण, आयोग, सगळीकडे एकच मजकूर द्यावा आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्यावी. पुढे कोर्टात ही पोचच बोलते.

दोन तरतुदी तर घराघरांत माहीत असायला हव्यात. माहितीच्या अधिकारात उत्तराला तीस दिवस असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे; पण माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात तसं पहिल्याच ओळीत लिहावं. दुसरी, सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२०च्या निकालानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत आणि चौकशीच्या खोलीतही कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपून ठेवायला हवं. ते मागवण्याचा अधिकार आयोगाला आणि कोर्टाला आहे. अर्ज पहिल्या आठवड्यातच करावा. ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर परत फिरू नये. कॅमेरा बिघडला की ठाणे प्रमुखाने जिल्हा देखरेख समितीला तसं ताबडतोब कळवायचं असतं, आणि त्या काळात ठाण्यात कुणाला अटक झाली, कुणाची चौकशी झाली, हेही सांगायचं असतं. त्या पत्राची प्रत मागावी.