पाटी लिथुआनियाची, रस्ता जर्मनीचा

पश्चिम युरोपातील मालवाहतूक कंपनीने मजुरी स्वस्त असलेल्या देशात उपकंपनी काढायची, ट्रकची नोंदणी तिथे करायची, चालक तिथल्या पगारावर ठेवायचे आणि धंदा मात्र पूर्वीप्रमाणे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्समध्येच करायचा, ही पद्धत गेल्या तीन दशकांत युरोपीय संघात चांगलीच रुळली आहे. डिझेल, टायर, टोल यांचा खर्च सर्वांना जवळपास सारखाच पडतो. भाडे पाडायचे तर कात्री लागते ती चालकाच्या पगाराला आणि त्याच्या सामाजिक विम्याच्या हप्त्याला. 2023 च्या सुरुवातीला लक्झेंबर्गमध्ये किमान वेतन महिना 2,400 युरोंच्या घरात होते, बल्गेरियात 400 युरोंच्या. हे सहापट अंतर म्हणजेच या धंद्याचे भांडवल.

समुद्रावर हा प्रकार जुना आहे. मालक एका देशाचा, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा आणि खलाशी तिसऱ्याच देशांतले, अशी जहाजे कोकणातल्या दर्यावर्दी घरांना ठाऊक असतात. रस्त्यावर ते शक्य झाले युरोपच्या एकत्रित बाजारपेठेमुळे. 1993 पूर्वी परदेशात माल नेण्यासाठी दोन देशांत ठरलेल्या कोट्यातून परवाने मिळत. त्या वर्षी एकच सामाईक परवाना आला आणि कोटे संपले. 2004 मध्ये पोलंड, लिथुआनिया, हंगेरीसह दहा देश संघात आले, 2007 मध्ये रुमानिया आणि बल्गेरिया. आज संघातील रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा पोलंडमध्ये नोंदलेले ट्रक वाहतात. सीमा मालासाठी खुल्या झाल्या, वेतन आणि विमा मात्र ज्याच्या त्याच्या देशात राहिले.

परक्या देशाच्या हद्दीतल्या हद्दीत तिथलाच माल वाहण्याला ‘कॅबोटाज’ म्हणतात. नियम असा की बाहेरून माल आणून उतरवल्यावर सात दिवसांत अशा तीनच फेऱ्या करता येतात. ट्रक रिकामा परतू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात सीमेपलीकडे एक फेरी मारून यायचे आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची, अशी वाट अनेकांनी काढली. शिवाय पोलंडसारख्या देशांत पगारपत्रकावर मूळ वेतन किमान ठेवून उरलेली रक्कम प्रवासभत्ता म्हणून देण्याची रीत होती. भत्त्यावर विम्याचा हप्ता कापला जात नसे. हातात बरे पैसे आले तरी आजारपणात आणि म्हातारपणी आधार मिळतो तो मूळ वेतनाच्या हिशेबाने, हे चालकाला फार उशिरा कळे.

रविवारी जर्मनीत जड ट्रकांना रात्री दहापर्यंत रस्त्यावर बंदी असते. त्या दिवशी महामार्गालगतचे विश्रांतीतळ ट्रकांनी गच्च भरतात. ट्रेलरच्या बाजूची लोखंडी पेटी उघडून तिच्या झाकणावर कांदा चिरायचा, छोट्या गॅस शेगडीवर पातेले चढवायचे, दोरीवर कपडे वाळत घालायचे आणि आसनामागच्या अरुंद फळीवर झोपायचे, असा अनेकांचा आठवडा संपतो. 45 तासांची पूर्ण साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये दिला. मुक्कामाचा खर्च मालकाने करावा, हे 2020 च्या कायद्याने स्पष्ट केले. पण 40 टनांचा ट्रक उभा करता येईल असे लॉज रस्त्यावर फारसे नाहीत आणि मालाची राखण सोडून जायची चालकाची छाती होत नाही.

पूर्व युरोपातले पगार वाढू लागले तसे मालक आणखी पूर्वेकडे वळले. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, जॉर्जिया, फिलिपाइन्स आणि भारतातूनही चालक येतात. संघाबाहेरच्या चालकासाठी एक प्रमाणपत्र लागते. ते सर्वाधिक देतात पोलंड आणि लिथुआनिया. अशा चालकाचा व्हिसा मालकाच्या नोकरीला बांधलेला असतो, म्हणून तक्रार करणे म्हणजे परतीचे तिकीट काढणे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10 हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्यात वाहनचालकही आहेत. तो मार्ग वेगळा आहे: जर्मन परवान्याची परीक्षा, जर्मन मालक, जर्मन वेतन. युरोपात ट्रक चालवायला निघालेल्या तरुणाने करारावर मालक कोणत्या देशाचा लिहिला आहे, हे आधी पाहिलेच पाहिजे.

2023 च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेन तळावर सुमारे 60 चालकांनी ट्रक उभे केले. बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे होते. ट्रक पोलंडच्या एका मालकाचे, माल पश्चिमेकडच्या ग्राहकांचा. पगार थकले होते आणि अनेकांच्या हातात नोकरीचा करार नव्हताच, कंत्राटी कामाचा होता. गुड फ्रायडेला मालक चिलखती गाडी आणि खासगी रक्षक घेऊन ट्रक सोडवायला आला. पोलिसांनी त्यालाच ताब्यात घेतले. एप्रिलअखेर सुमारे तीन लाख युरो मिळाल्यावर चालक हलले. जुलैत त्याच तळावर दुसरा संप झाला. तो सप्टेंबरअखेरपर्यंत चालला आणि काहींना उपोषण करावे लागले. त्या चालकांचे बळ कायद्यात नव्हते, ते ट्रेलरमध्ये अडकलेल्या मालात होते. माल थांबला तेव्हा कुठे वरच्या ग्राहकांना आपला माल कोण वाहतो याची चौकशी करावीशी वाटली.

खरा मालक कोण, या प्रश्नापर्यंत कायदाही हळूहळू पोहोचतो आहे. जुलै 2020 मध्ये युरोपीय न्यायालयासमोर सायप्रसमधील एका कंपनीचे प्रकरण होते. चालक राहत नेदरलँड्समध्ये, काम डच वाहतूकदारांचे, पण करार सायप्रसशी. न्यायालयाने ठरवले की जो खरोखर हुकूम देतो, पगाराचा भार उचलतो आणि कामावरून काढू शकतो, तोच मालक. या साऱ्या विषयात इतके सरळ आणि न्याय्य सूत्र दुसरे नाही. त्याच महिन्यात संघाने ‘मोबिलिटी पॅकेज’ हा रस्तेवाहतुकीच्या नियमांचा संच संमत केला. कॅबोटाजनंतर त्याच ट्रकला त्या देशात चार दिवस बंदी आणि चालकाला साधारण चार आठवड्यांतून एकदा घरी किंवा कंपनीच्या देशात परतण्याची सोय, ही त्यातली ठळक कलमे. फेब्रुवारी 2022 पासून कॅबोटाजला आणि दोन परक्या देशांमधल्या फेऱ्यांना त्या त्या देशाचे वेतन लागू झाले.

ट्रकने दर आठ आठवड्यांनी नोंदणीच्या देशात परत यावे, या पॅकेजमधल्याच कलमाविरुद्ध पोलंड, लिथुआनिया, रुमानिया, बल्गेरिया न्यायालयात गेले. पश्चिमेचे भांडवल आणि दुकाने पूर्वेत खुशाल आली, मग आमचे ट्रक तिकडे जाताच अडथळे का, हा त्यांचा सवाल. एक-दोन ट्रकांपासून मोठ्या झालेल्या तिथल्या खऱ्या कंपन्यांच्या तोंडी तो रास्तच आहे. त्या कंपन्या म्हणजे नुसत्या पत्त्यापुरत्या उघडलेल्या टपालपेट्या नव्हेत. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यायालयाने हे एक कलम रद्द केले, कारण त्याचा परिणाम तपासण्याइतकी माहिती कायदा करताना समोर नव्हती. बाकी पॅकेज बहुतांशी टिकले.

आता नव्या टॅकोग्राफमध्ये, म्हणजे ट्रक चालवण्याच्या आणि विश्रांतीच्या वेळा टिपणाऱ्या यंत्रात, ट्रकने सीमा कधी ओलांडली याची आपोआप नोंद होते, त्यामुळे कॅबोटाज मोजणे तपासनिसाला सोपे झाले. परदेश फेऱ्या करणाऱ्या अडीच ते साडेतीन टनांच्या व्हॅननाही तो 1 जुलै 2026 पासून बंधनकारक आहे. सर्वांत मोलाचे कलम मात्र फारसे चर्चेत नाही. वाहतूकदार वेतनाचे नियम मोडतो आहे हे माल पाठवणाऱ्याला किंवा मधल्या दलालाला माहीत होते, वा माहीत असायला हवे होते, तर त्यालाही दंड व्हावा, अशी तरतूद सदस्य देशांनी करायची आहे. भाड्याचा दर ठरवतो तोच, त्यामुळे हिशेबही त्याच्याकडेच मागायला हवा. ही तरतूद किती कडक करायची आणि तपासणीसाठी किती माणसे लावायची, हे ज्या त्या देशाच्या सरकारवर सोपवलेले आहे.