उघडं औषध, झाकलेलं अत्तर

डेट्रॉइटमध्ये फ्रेडरिक स्टर्न्सने १८५५ साली औषधांचा धंदा सुरू केला. तेव्हाची तयार औषधं म्हणजे गुपितांच्या बाटल्या. आत अफू आहे की नुसती दारू, घेणाऱ्याला पत्ताच नसे. १८७६ च्या सुमारास स्टर्न्सने वेगळी वाट धरली: औषधात काय आहे ते लेबलवरच छापलं. घातक घटकांपुरती का होईना, तशी कायदेशीर सक्ती अमेरिकेत आली ती थेट १९०६ मध्ये.

हीच कंपनी अत्तरंही विकायची. त्यांचं 'डे ड्रीम' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाहिरातींत झळकायचं. पण अत्तरातले घटक बाटलीवर छापण्याचा रिवाज त्या काळी नव्हताच.

हा दुटप्पीपणा म्हणायचा का? मी लगेच तसं म्हणणार नाही. औषध आपण नाइलाजाने घेतो, म्हणून ते काय आहे हे कळण्याचा हक्क मोठा. अत्तर हौसेचं. त्याचं सूत्र उघड झालं तर उद्या कुणीही तेच विकेल.

पण अत्तर हौसेपुरतं थांबत नाही. ते कातडीला लागतं, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाच्या नाकात शिरतं. त्याला धाप लागली, तर त्याने कुठे हौस केली होती? तरी आजही तुमच्या डिओच्या लेबलवर सगळा सुगंध बहुतेकदा एकाच शब्दात आटोपतो: परफ्यूम.

मला वाटतं, किती घातलं हे गुपित कंपनीचं. काय घातलं, हे मात्र ज्याच्या अंगाला लागतं त्याचं.