लेकराचं कोणतं पाप?

कराडात कृष्णा-कोयनेच्या संगमाकाठी मी कीर्तन करतो, म्हणून कर्माचा हिशेब लोक मलाच विचारतात. ‘महाराज, पाच वर्षांच्या पोराच्या लहान मेंदूत गाठ निघाली. मागच्या जन्मीचं असेल का?’ मी नाही म्हणतो. तुकोबांचा मुलगा संतू दुष्काळात गेला. त्याचं पाप मोजायला कोण धजेल? लहान मेंदूतल्या या कर्करोगाच्या, मेड्युलोब्लास्टोमाच्या, बहुतेक मुलांत डॉक्टरांनाही कारण सापडत नाही.

खरा धर्मप्रश्न पुढेच आहे. आधी शस्त्रक्रिया. गाठीच्या पेशी मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून पसरतात, म्हणून मग डोक्यापासून कण्यापर्यंत किरणोपचार, नंतर केमो. पण तेच किरण वाढत्या मुलाची बुद्धी आणि उंची खुंटवू शकतात. तीन वर्षांखालच्या बाळांना म्हणून शक्यतो केमो देऊन किरण लांबवतात. जीव वाचवताना पुढचं आयुष्य किती खर्चायचं? आणि ज्याचं आयुष्य, त्याला तर विचारताच येत नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं प्रोटॉन किरणोपचाराचं यंत्र आहे. त्यानं आजूबाजूची इजा कमी होते, प्रश्न मिटत नाही.

फळाची आशा सोडा, हे आईला सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. गीतेवर बोलणारा असूनही. नवस बोलायचा तर बोला, म्हणतो. अंगारा मात्र औषधाच्या जागी नको. फाईल घेऊन आधी परळचं टाटा रुग्णालय गाठा.