पाहणे आणि जाणणे
१९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगाने सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहामार्गे दूरचित्रवाणी नेली, तेव्हापासून एक प्रश्न उभा आहे : पाहिलेले ते जाणलेले असते काय? वाचनात चित्रफीत उपकारक ठरते. ओळखीच्या गाण्याखाली त्याच भाषेतील अक्षरे उमटली की कान डोळ्यांना वाट दाखवतो. विज्ञानाचे तसे नाही. पालथ्या पेल्याखाली मेणबत्ती किती वेळ तेवेल, याचा अंदाज बांधण्याचा आणि तो चुकण्याचाही अधिकार मुलाचा आहे. पडद्याने उत्तर आधीच दाखवले, तर पुस्तकावरील आंधळ्या विश्वासाची जागा चित्रावरील विश्वास घेतो, एवढेच. होशंगाबादेत १९७२ पासून तीन दशके चाललेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने प्रयोग मुलांच्याच हाती दिला होता. म्हणून उत्तरापूर्वी चित्रफीत थांबवणे हे शिक्षकाचे केवळ कौशल्य नव्हे, कर्तव्य होय.